नावात राहिलेलं पाणी

चंद्रपूरच्या गोल बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या ओट्यावर अमिना शेख गेली बावीस वर्षं बसते. पुढ्यात लाकडी पाट, पाटावर गोणपाटाची घडी, आणि हातात पेनापेक्षा थोडं जाड, वायर लावलेलं नाव टाकायचं यंत्र. बटण दाबलं की यंत्र कुरकुरतं आणि त्याच्या टोकाखाली स्टीलवर बारीक ठिपक्यांची रेघ उमटत जाते. गिऱ्हाईक आत ताट, गंज, डबा विकत घेतं आणि बाहेर येऊन तिच्यापुढे ठेवतं. मग देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, आणि शेवटी ठरलेले दोन शब्द: सप्रेम भेट. हे दोन शब्द ती बोलता बोलता, भांड्याकडे न बघता लिहिते. आजूबाजूच्या चार तालुक्यांत ज्या घरी लग्न झालं, त्या घरच्या मांडणीवर तिचा हात आहेच.

लोक तिला नाववाली बाई म्हणतात. ओट्यावर भांडणंही पुष्कळ होतात, कारण आहेर एकाच भांड्याचा आणि देणारे तीन भाऊ. कुणाचं नाव आधी, यावर माणसं हातघाईवर येतात. अमिना यंत्र बंद करते, तिघांकडे एकदा बघते आणि म्हणते, "मोठ्याचं आधी. सांगा, मोठा कोन?" वाद तिथेच मिटतो. तिच्या घरची गंमत मात्र अशी की दुनियेच्या भांड्यांवर नावं टाकणाऱ्या या बाईच्या स्वयंपाकघरात माहेरची चार ताटं सोडली तर एकाही भांड्यावर नाव नाही. नवऱ्यानं कधी काही भेट दिलंच नाही, तर नाव टाकणार कशावर, असं ती शेजारणींना सांगते, आणि नवरा ऐकेल इतक्या मोठ्यानं सांगते.

हात तिला वडिलांकडून मिळाला. वडील भद्रावतीचे. त्यांच्या काळी यंत्र नव्हतं. छिन्नी आणि लहान हातोडी. महाकालीच्या यात्रेत आणि मार्कंड्याच्या जत्रेत ते पाल ठोकून बसत आणि लोकांच्या लोट्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नावं उमटवत. अमिना सात वर्षांची असल्यापासून शेजारी बसे. वडिलांची परीक्षा एकच होती. नाव टाकून झालं की भांड्याच्या आतून बोट फिरवायचं. आत उंचवटा लागला तर घाव जोराचा गेला, काम वाया. बाहेर नाव स्वच्छ दिसलं पाहिजे आणि आतून भांड्याला पत्ताही लागता कामा नये. ठिपका किती खोल जातो हे अमिनाला डोळ्यांनी बघावं लागत नाही. ते तिच्या मनगटाला कळतं.

नवरा कय्यूम. त्याचं दुकान बाबुपेठेत, घराच्याच मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये. तो पंपाच्या रिंगा घासतो. सांगायला हे काम फार किरकोळ वाटतं, म्हणून कय्यूम कुणी विचारलं की चिडतो आणि नीट समजावून सांगतो. मोटरीचा दांडा पंपाच्या पोटात शिरतो. पोटात पाणी असतं. दांडा जिथून आत जातो तिथून पाणी बाहेर यायचंच. ते अडवायला दोन रिंगा एकमेकींवर तोंडाला तोंड लावून दाबून बसवलेल्या असतात; एक कार्बनची, दांड्याबरोबर फिरणारी, आणि एक पोलादाची, जागेवर थांबलेली. यालाच सील म्हणतात. दोघींची तोंडं इतकी सपाट हवीत की मध्ये पाण्याचा नुसता ओलावा राहील, थेंब बाहेर पडणार नाही. तो ओलावाच त्यांचं तेल. तो गेला की रिंगा एकमेकींना खातात.

ती सपाटी आणण्यात कय्यूमचा हात धरणारा चंद्रपुरात कुणी नव्हता. लोखंडी पाटीवर पातळ लेप लावून रिंग आठाच्या आकड्यात फिरवायची, तासन्‌तास. मग धुऊन पिवळ्या दिव्याखाली ठेवायची आणि वर जाड काच. काचेतून रिंगेवर काळ्या रेघा दिसतात. रेघा वाकड्या तर रिंग वाकडी, सरळ तर रिंग सरळ. कय्यूमच्या रेघा फूटपट्टीनं ओढल्यासारख्या असत. रिंग परत देताना तो ती गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धरून म्हणे, "पाहून घ्या, दाढी करता येते इच्यात." कोळसा खाणींचे पंप, भाताच्या गिरण्या, नदीवरच्या उपसा योजना, सगळीकडून रिंगा त्याच्याकडे येत. रिंगेवर केसाएवढाही ओरखडा त्याला खपत नसे. पंचवीस वर्षं तो ओरखड्यांशीच लढत आला होता, आणि लढाई आपण जिंकली आहे अशी त्याची खात्री होती.

या खात्रीला लटारूनं धक्का दिला, तोही बिचाऱ्यानं मुद्दाम नाही.

ऑक्टोबरातली दुपार होती. लटारू चामोर्शी तालुक्यातला, मार्कंड्याच्या अलीकडे वैनगंगेच्या काठावरच्या एका गावचा. गावच्या उपसा योजनेचा पंप तोच चालवतो. खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली रिंग त्यानं कय्यूमच्या पाटीवर ठेवली आणि मान खाली घातली.

"पुन्हा गेली जी, कय्यूमभाऊ."

महिन्याभरातली ही तिसरी. कय्यूमनं रिंग उचलली. तोंड निळंकाळं पडलेलं. सोबत आणलेल्या कार्बनच्या जोडीदारणीला तर तडाच गेलेला.

"मी तुले आरसा करून देली होती," कय्यूम म्हणाला.

"आरसाच होती, मी नाई कुठी म्हनून राह्यलो? पन लाईट दिवसातून सात-आठ खेपा जाते. ऑटो लावला हाय, लाईट आली का पंप आपोआप सुरू होते. तवर पाइपातलं पानी खाली उतरून गेलं राह्यते. मी धावत जातो, टिपाडाचा कॉक सोडतो, पाइप भरते. तवर दोन-तीन मिन्टं तो कोरडाच फिरते."

"पाइपाच्या बुडाचा फूट वॉल्व्ह पानी नाई धरून राह्यला म्हणजे. बदलून टाक ना."

"नदीच्या बुडाशी हाय तो. पानी उतरल्याबिगर हात नाई पोचत."

"मंग ऑटो काढून टाक."

"काढला होता. एका दिवसात चार तास वाया गेले, शेपटाच्या बांधीले थेंब नाई पोचला. लोकायनं मलेच बोल लावला."

शेपटाची बांधी म्हणजे पाटाच्या अगदी टोकाला असलेलं धानाचं शेत. पाणी सगळ्यांत शेवटी तिथे पोचतं आणि कमी पडलं तर सगळ्यांत आधी तिथलंच तुटतं. लटारूची स्वतःची बांधी तिथेच होती, ही गोष्ट त्यानं सांगितली नाही; कय्यूमला माहीत होती.

"धान निसवून राह्यला, लोंब्या फुटून राह्यल्या, भाऊ," लटारू म्हणाला. "पाऊस त गेला. आता बारा-पंधरा दिवस पानी भेटलं त दाना भरन. नाई भेटलं त लोंब्या उभ्या दिसतीन, आत काईच नाई राहनार. साठ घरायचं धान हाय. आता ही रिंग गेली त पुन्हा पंप खोला, पुन्हा इथी या, तीन दिवस जातेत. तीन दिवस नाई थांबत धान."

कय्यूमनं वाळूला शिव्या दिल्या, वीजवाल्यांना दिल्या, दांडा वाकडा असेल असं म्हणून पाहिलं. लटारूनं सगळ्याला मान डोलावली आणि शेवटी हळूच विचारलं, "याच्याहून जास्त गुळगुळीत होत नाई का जी?"

याच्याहून जास्त गुळगुळीत काही होत नसतं, हे कय्यूमला पुरतं माहीत होतं. त्यानं जळकी रिंग पाटीवर ठेवून दिली.

अमिना त्या दिवशी लवकर घरी आली होती. दुरून आलेल्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून तिनं पोहे केले आणि माहेरचं ताट विसळून, कोरडं करून त्यात वाढायला घेतलं. ताट लख्ख पुसलं होतं, पण काठावरच्या नावात पाणी राहिलं होतं. वडिलांचे ते ठिपके; अमिनाचं नाव आणि लग्नाची तारीख. फडकं दोनदा फिरवलं तरी अक्षरं ओलीच. बायकांची तक्रार तिच्या रोजच्या कानावरची होती: बाई, तुझ्या नावात पाणी राहते, साबू राहते. ती हसून सोडून देई. त्या दिवशी ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग पोहे वाढलेलं ताट तिनं लटारूपुढे ठेवलं, जळकी रिंग उचलली आणि अंगठा फिरवला.

"इच्यावर ठिपके टाकू का?" ती म्हणाली.

कय्यूमला वाटलं ती थट्टा करते आहे. "पाटा हाय का हा, टाकी लावाले?" घरचा दगडी पाटा गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं टोचे मारून घेतात, त्यालाच टाकी लावणं म्हणतात. लटारू पोहे खाता खाता हसला. अमिना हसली नाही.

"पानी नाई राहत म्हणून जळते ना? मंग पानी ठेवाले जागा द्या तिले. तुम्ही इतकं घासता का तिच्याजवळ पान्याचा एक कण टिकत नाई."

"एक ओरखडा आला ना, धार लागते. एवढं तरी माहीत हाय का तुले?"

"ओरखडा एका काठावरून निघते आन दुसऱ्या काठाले जाते. पान्याले वाट भेटते. ठिपका कुठीच जात नाई. त्याच्यात पानी बसून राहते."

कय्यूमनं मग जे केलं ते पाहून अमिनाही चकित झाली. तो उठला, फळीवरून चहापत्तीचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून चिंधीत बांधलेली एक रिंग पाटीवर ठेवली. तिचंही तोंड जळलेलं.

"अकरा वर्षं झाली," तो म्हणाला. "एका कारखान्याची होती. बाहेरून आलेला माल, लोखंडाहून कडक. तोंडावर बारीक बारीक ठिपके होते, एका मापाचे. मले वाटलं गंजानं खाल्ली. तीन दिवस घासली आन सगळे ठिपके काढून आरसा करून देली. आठ दिवसांत जळून वापस आली. त्यायनं मले काई म्हटलं नाई, फक्त पुन्हा काम नाई देलं. मी आजवर म्हणत आलो का बसवणाऱ्याची चूक होती."

तो लटारूकडे न बघता बोलत होता. ज्या माणसानं ही रिंग अकरा वर्षं डब्यात जपून ठेवली, त्याला ती बसवणाऱ्याची चूक नव्हती हे केव्हाच कळलं असणार. कारखान्यात असे ठिपके लेझरनं पाडतात, पाडणाऱ्यांना त्याचं गणित ठाऊक असतं. बाबुपेठेतल्या शेडमध्ये ते कुणी सांगायला आलं नव्हतं. अमिनाच्या मनात आलं, हा माणूस अकरा वर्षं ही गोष्ट एकटाच उरावर घेऊन फिरला, आणि तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली. ती बोलली मात्र एवढंच, "लटारूभाऊ, पोहे थंड होऊन राह्यले. आन आजच्या दिवस राहा, उद्या रिंग घेऊनच जा."

लटारूची आधी जळलेली एक पोलादी रिंग शेडमध्ये पडूनच होती. कय्यूमनं ती घासून पुन्हा सरळ केली आणि अमिनापुढे ठेवली. यंत्राला तिनं नवं टोक लावलं. गोणपाटावर रिंग बसवून तिनं बाहेरच्या काठापासून सुरुवात केली, एकाआड एक, ओळीमागून ओळ, जशी ती ताटाला वेलबुट्टीची किनार काढते. पाऊण तासात तोंड भरलं. दिसायला तर ती रिंग इतकी देखणी झाली की लटारू म्हणाला, "सुनेले द्याव वाटते."

प्रत्येक ठिपक्याच्या कडेला धातू जरा वर उचलला जातो. ताटावर तोच बोटाला लागतो आणि नाव उठून दिसतं. रिंगेवर तो चालणार नव्हता, म्हणून कय्यूमनं रिंग पुन्हा पाटीवर फिरवून कडा बसवल्या. अंगणात एक जुना पंप आणि पाण्याचं टिपाड कायमचं मांडलेलं असे. नव्या कार्बनच्या जोडीला लावून रिंग त्यात चढवली, पंप सुरू केला. दांड्याच्या बुडाशी थेंब आला, दुसरा आला, आणि मग बारीक धार लागली.

कय्यूमनं पंप बंद केला. अमिनानं रिंग उतरवून हातात घेतली, बघितली, आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. तिनं ठिपके आतल्या काठापर्यंत नेले होते. शेवटच्या ओळीतले काही तर काठावर अर्धे कापले गेले होते. ताटाची किनार काठाला भिडली नाही तर गिऱ्हाईक म्हणतं, बाई, काम अर्धं सोडलं. बावीस वर्षांची ती सवय हातात मुरलेली. हातानं विचार न करता रिंगेचंही काम पूर्ण केलं होतं. पाणी बाहेरच्या काठानं आत शिरत होतं, आणि आतल्या काठाला तिनं स्वतःच दारं करून ठेवली होती.

"चूक माझी," ती म्हणाली. "काम अर्धं सोडाच लागते इथी. दुसरी द्या."

दुसरी म्हणजे लटारूनं आज आणलेली. तीच चामोर्शीला जायची होती, आणि तिच्यात घासायला आता फार धातू उरला नव्हता. कय्यूमनं ती घासून सरळ केली आणि देताना एकदाच विचारलं, "जमते ना?" अमिनानं नुसता हात पुढे केला.

या खेपेला तिनं आधी पेन्सिलनं आतल्या काठापासून तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी पट्टी आखली आणि ती कोरी ठेवली. ठिपके सगळे बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या अंगाला. दर दोन ठिपक्यांच्या मध्ये आणखी दोन मावतील एवढी जागा मोकळी. हात हलका, मनगट सैल, वडिलांच्या पद्धतीनं. मग कय्यूम घासायला बसला, आणि इथे दोघांचं पहिल्यांदाच एकत्र काम सुरू झालं. जास्त घासलं तर ठिपके जातील, कमी घासलं तर कडा राहतील. कय्यूमला कडा कळत होत्या, ठिपके उरले किती ते कळत नव्हतं. अमिनानं रिंग पाण्यात बुडवली आणि फडक्यानं पुसली. ठिपके ओले राहिले, वरचं तोंड कोरडं.

"अजून चार हात," ती म्हणाली.

चार हात झाले. पुन्हा बुडवली, पुन्हा पुसली. "अजून दोन." मग, "बस."

"बस?"

"बस म्हटलं ना."

काचेखाली ठेवली. पिवळ्या उजेडात काळ्या रेघा सरळ होत्या. जिथे ठिपके तिथे तुटत आणि पुढे पुन्हा तशाच सरळ निघत. कय्यूम बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग रिंग पंपात चढली. थेंब आला नाही. त्यानं पाण्याचा कॉक बंद केला, पंप कोरडा फिरू दिला आणि घड्याळ धरलं. तीन मिनिटं. रिंग थोडी कुरकुरली, पण जुनीसारखी चिरकली नाही. असं त्यानं चार वेळा केलं आणि चौथ्या वेळेनंतर उघडून कार्बनवर नख फिरवलं. तडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तिघंही निघाले. कय्यूमनं अमिनाला चल म्हटलं नव्हतं आणि नकोही म्हटलं नव्हतं. ती पिशवी घेऊन आधीच फाटकाशी उभी होती. मूल, गडचिरोली ही गावं करत चामोर्शी, तिथून लटारूच्या भाच्याच्या गाडीवर आणि पायी. पंपघर नदीच्या दरडीवर, चार भिंती आणि टीन. बाजूनं धानाच्या बांध्या पसरलेल्या, लोंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या, अजून सरळ उभ्या. कय्यूमनं दांडा तपासला, कागदासारखा पातळ पत्रा घालून मोटर सरळ केली आणि रिंग बसवली. लटारूची बायको सुगंधाबाई डबा घेऊन आली होती. तिनं अमिनाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"रिंग तुमी केली म्हनते?"

"दोघांनी केली."

"तुमी त भांड्यायवर नाव टाकता ना बाई?"

"हो. आन पुसल्या जात नाई ते," अमिना म्हणाली.

सुगंधाबाईला हे उत्तर आवडलं की नाही ते कळलं नाही. ती बांधाकडे तोंड करून बसली.

पंप सुरू झाला. पाटात पाणी पडलं. तासाभरानं वीज गेली आणि सगळं शांत झालं. कय्यूम उठून पंपाशी गेला, सीलवर तळहात ठेवून उभा राहिला. लटारू टिपाडापासून दूर, पाटावर गवत काढायला गेला होता. वीज आली. ऑटो खट्ट झाला आणि पंप कोरडा फिरायला लागला. लटारू तिकडून फावडं टाकून धावत सुटला, दुपट्टा एकीकडे, चप्पल एकीकडे. महिनाभर हा माणूस असाच धावत होता.

अमिना पंपघराच्या दारात उभी होती. "लटारूभाऊ," ती शांतपणे म्हणाली, "धावू नका. चालत या."

लटारू थबकला. त्यानं कय्यूमकडे पाहिलं. कय्यूमचा हात सीलवरच होता, आणि त्याचा चेहरा पाहून कुणीही धावलं असतं. पण तो म्हणाला, "बाई म्हणते ना, चालत ये." लटारू चालत आला. त्याचे पाय त्याचं ऐकत नव्हते, तरी तो चालत आला. त्यानं कॉक सोडला, पाइप भरला, पंपानं पाणी धरलं. कय्यूमनं हात उचलून सुगंधाबाईला दाखवला. तळहात लाल झाला नव्हता. सील कोमट होतं, आणि दांड्याखालची फरशी कोरडी होती.

त्या दिवशी वीज आणखी पाच वेळा गेली. तिसऱ्या खेपेला कय्यूमनं हात ठेवणं सोडलं. दिवस कलताना पाणी शेपटाच्या बांधीत शिरलं. सुगंधाबाई उठली, बांधीत उतरली, घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि तिथूनच अमिनाला म्हणाली, "जेवून जाजा, बाई."

पुढचे बारा दिवस अमिनानं ओट्यावर नेहमीसारखी नावं टाकली. ती निर्धास्त होती असं ती सांगते. पण मांडीजवळ ठेवलेला फोन ती दर थोड्या वेळानं उलटा-सुलटा करून बघे, हे दुकानातल्या सगळ्यांनी पाहिलं. तेराव्या दिवशी लटारूचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "लोंब्या वाकल्या जी." भरलेली लोंबी वाकते, पोकळ ताठ राहते. अमिनानं फोन ठेवला, समोरच्या डब्यावर अर्धं राहिलेलं नाव पूर्ण केलं, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

कापणीनंतर लटारू नवा तांदूळ आणि ती रिंग घेऊन आला. नदी उतरल्यावर त्यानं फूट वॉल्व्ह बदलला होता आणि पंप खोलला होता. कय्यूमनं रिंग धुतली, पुसली. ठिपके ओले राहिले. आतली कोरी पट्टी तशीच चमकत होती. आरसा होता तो, पण आता निम्माच, आणि कय्यूमला त्याचं वाईट वाटत असल्याचं दिसलं नाही. लटारू गेल्यावर त्यानं फळीवरचा तो चहापत्तीचा डबा काढला आणि आतली अकरा वर्षांची रिंग अमिनाच्या हातात दिली.

"इच्यावर परत टाकता येतीन का?"

तिनं यंत्र लावून पाहिलं. टोक घसरलं, रिंगेवर खूणही उमटली नाही. "नाई," ती म्हणाली. "ही माझ्या सुईच्या बाहेरची हाय."

कय्यूमनं मान हलवली. तो हे धरूनच होता. "मंग पुढं अशी आली त घासाच्या आधी तुले दाखवत जाईन," तो म्हणाला. त्यानं रिंग डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि डबा तिच्यापुढे सरकवला. "याच्यावर नाव टाक."

"कोनाचं?"

"तुयं. माझ्याकडून."

अमिना हसायला लागली. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिली भेट, आणि ती म्हणजे नवऱ्याची जळलेली चूक, पत्र्याच्या डब्यात. तिनं डबा गोणपाटावर घेतला. पत्रा पातळ होता. तिनं मनगट सैल सोडलं. कय्यूमचं नाव आलं, मग तिचं आलं, मग बाबुपेठ, मग तारीख. शेवटचे दोन शब्द मात्र तिनं भांड्याकडे बघून, सावकाश लिहिले. लिहून झाल्यावर झाकण काढून तिनं आतून बोट फिरवलं. कुठेही काही लागलं नाही.